ताऱ्यांचा कौल आणि आतुराचे सत्त्व

त्रिफळा चूर्णासारखे साधे, घरोघरी असणारे औषध घेऊ. इंटरनेटवर ते विकणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर ग्राहकांचे अभिप्राय वाचत गेले, तर साधारणपणे तीन तऱ्हेचे लिखाण आढळते. एकाने पाच तारे देऊन पोट उत्तम साफ होते असे लिहिलेले असते. दुसऱ्याने एकच तारा दिलेला असतो. रात्री चमचाभर घेतले, सकाळपासून चार वेळा जावे लागले, मुरडा आला, कोणीही घेऊ नये, असा त्याचा इशारा असतो. तिसऱ्याची तक्रार अशी की, आठ दिवस घेऊनही काहीच झाले नाही, सबब माल बनावट असावा. ज्याने चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय वाचला आहे, त्याला या तिघांच्या म्हणण्यात विसंगती दिसणार नाही. मृदुकोष्ठी मनुष्यास ज्या द्रव्यांनी सहज विरेचन होते, त्यांत दूध, उसाचा रस यांच्यासमवेत त्रिफळ्याचाही उल्लेख तेथे आहे. क्रूरकोष्ठी मनुष्यास त्याच द्रव्यांनी विरेचन होत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. तिघेही आपापल्या कोष्ठाविषयी खरे बोलत आहेत. फक्त आपण औषधाविषयी बोलत आहोत, असा प्रत्येकाचा समज आहे.

वाचणारा मात्र या तिघांवर सारखा विश्वास ठेवीत नाही. तेच अभिप्राय वाचून एक जण औषध मागवितो, दुसरा मागविलेले परत पाठवितो आणि तिसरा मोबाईल बाजूला ठेवून वैद्याकडे येतो. हा फरक कोठून येतो, हा प्रश्न आपल्या व्यवसायात आजवर केवळ विक्रीचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला. बैठकांतून आणि फार्मसीचालकांच्या आपसातील बोलण्यातून 'आपल्या उत्पादनाला तारे किती' आणि 'ते वाढवावे कसे' एवढेच ऐकू येते. माझ्या मते हा मुळात रुग्णपरीक्षेचा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्याची साधने आपल्याजवळ आहेत, ती आपण पदवी परीक्षेपुरती पाठ केली आणि पुढे गुंडाळून ठेवली.

प्रथम, ग्राहकाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या आधुनिक संशोधकांनी काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. कॅसिओपो आणि पेटी यांनी १९८२ साली, विचार करण्याची आवड माणसागणिक कमीअधिक असते आणि ती मोजता येते, असे मांडले. ही आवड ज्यांना अधिक असते ते दिलेली कारणे तपासतात. ज्यांना ती कमी असते ते बाह्य खुणांवर, म्हणजे बोलणारा कोण, किती जण तसे म्हणतात, यांवर निर्णय सोपवितात. तारे ही अशीच एक बाह्य खूण होय. पुढे १९८९ साली बेअर्डन, नेटमायर आणि टील यांनी, माणूस इतरांच्या मताने किती वळतो हे मोजणारी प्रश्नावली तयार केली. त्यात त्यांनी एक मार्मिक भेद केला. काही माणसे इतरांकडून माहिती मिळावी म्हणून विचारतात, तर काही इतरांना आपले वागणे पसंत पडावे म्हणून त्यांचे ऐकतात. आपल्या चिकित्सालयात हे दोन्ही प्रकार रोज येतात. 'तुम्हाला याने गुण आला का हो?' असे शेजारच्या रुग्णाला विचारणारा निराळा, आणि 'आमच्याकडे सगळे हेच घेतात' म्हणणारा निराळा.

गर्दीचा प्रभाव किती असतो याचा एक प्रयोग २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुच्निक, अराल आणि टेलर यांनी एका वृत्तविषयक संकेतस्थळावरील निवडक टिप्पण्यांना आरंभीच एक खोटे अनुकूल मत देऊन ठेवले. केवळ तेवढ्याने त्या टिप्पण्यांचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. आरंभी खोटे प्रतिकूल मत दिले तेव्हा मात्र नंतरच्या वाचकांनी ते बऱ्याच अंशी भरून काढले. म्हणजे स्तुतीच्या मागे लोक सहज जातात. त्यानंतर २०१६ साली द लांघे आणि सहकाऱ्यांनी १,२७२ वस्तूंचे ग्राहकांनी दिलेले तारे आणि 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेने प्रयोगशाळेत चाचणी करून दिलेले गुण ताडून पाहिले. दोहोंचा मेळ फारच थोडा होता. ग्राहक मात्र गुणवत्तेचा अंदाज बांधताना त्या ताऱ्यांवरच सर्वाधिक भिस्त ठेवीत होते. ही कथा सामान्य घरगुती वस्तूंची झाली, जेथे वस्तू सर्वांच्या हाती सारखीच वागते. औषधाची गोष्ट त्याहून कितीतरी अवघड आहे, कारण औषध ज्याच्या पोटात जाते त्याप्रमाणे त्याचे कार्य बदलते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षा आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हातरी पाठ केली आहे. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य यांच्या ओळीत सत्त्व येते. प्रवर, मध्यम आणि अवर असे सत्त्वाचे तीन भेद सांगून आपण पुढे आहारशक्तीकडे जातो. केसपेपरवर सत्त्वाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'मध्यम' असे लिहून काम भागविले जाते, हे मी आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहून सांगतो. परंतु त्या भेदांची लक्षणे पुन्हा एकदा सावकाश वाचावीत, अशी माझी विनंती आहे. ऑनलाइन अभिप्राय वाचणाऱ्या माणसाचे इतके नेमके वर्णन मला अन्यत्र आढळलेले नाही.

मध्यमसत्त्व पुरुषाचे लक्षण असे सांगितले आहे की, तो इतरांचे उदाहरण स्वतःस लावून पाहतो आणि त्या आधाराने स्वतःला सावरतो, किंवा इतर त्याला सावरतात. अमक्याने हे सोसले, मग मीही सोसेन, ही त्याची विचाराची रीत. माझ्याकडे येणाऱ्या एका संधिवाताच्या भगिनींना बस्तिचिकित्सा सुचविली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पंधरा दिवसांनी त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या रुग्णेशी त्यांची बाहेरच्या बाकावर गाठ पडली. तासाभराने त्या आत येऊन म्हणाल्या, 'वैद्यराज, माझंही नाव लिहून घ्या.' शास्त्र मी आधीच समजावून सांगितले होते, त्याने काम झाले नव्हते. बाकावरच्या ओळखीने ते झाले. यात वाईट काहीच नाही. बहुसंख्य माणसे याच सत्त्वाची असतात आणि समाजाचा व्यवहार त्यांच्यावरच चालतो. अडचण एवढीच की, बाकावर शेजारी बसणारी ती रुग्णा आता राहिली नाही. तिच्या जागी नाव, वय, प्रकृती, कोष्ठ, व्याधीची अवस्था यांपैकी काहीही माहीत नसलेला एक अभिप्राय आला आहे. मध्यमसत्त्व मनुष्य आपल्या स्वभावाप्रमाणे त्याचाही आधार घेतोच.

अवरसत्त्वाचे लक्षण तर आजच्या काळासाठीच लिहिल्यासारखे आहे. असा मनुष्य देहाने मोठा असला तरी अल्प वेदना सोसू शकत नाही. रौद्र, भयंकर, बीभत्स कथा केवळ कानावर पडल्या तरी त्याला विषाद होतो, चेहरा फिका पडतो, क्वचित मूर्च्छाही येते. आणि त्याला ना स्वतःचा आधार पुरतो, ना दुसऱ्याचा. एका तारेचे अभिप्राय म्हणजे या रौद्रकथाच. एक उच्चशिक्षित, धिप्पाड गृहस्थ आरोग्यवर्धिनी घेत होते. चौथ्या दिवशी त्यांनी कोणाचे तरी लिखाण वाचले की अशा औषधाने आपली मूत्रपिंडे गेली. त्या रात्रीपासून त्यांची कंबर दुखू लागली आणि लघवी कमी होते असे वाटू लागले. तपासण्या करविल्या, त्या सर्व प्राकृत निघाल्या. कंबर तरीही पुढे दोन आठवडे दुखत होती. अपेक्षेनेच अपाय जाणविण्याच्या या प्रकाराला आधुनिक वैद्यकात 'नोसिबो' म्हणतात. आपल्याकडे त्याचे बीज सत्त्वपरीक्षेत आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. या गृहस्थांची भीती वाजवीपेक्षा मोठी होती, तरी ती निराधार नव्हती. डॉ. रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आपल्या व्यवसायात त्यावर पुष्कळ रोष व्यक्त झाला, रसशास्त्राची बाजूही मांडली गेली. पण एक मुद्दा बाजूलाच राहिला. अशा उत्पादनाला कितीही तारे मिळाले, तरी त्यातील शिसे ताऱ्यांत दिसत नाही. ते प्रयोगशाळेच्या दाखल्यातच दिसते. तो दाखला मागणारा ग्राहक विरळा, कारण दाखला वाचावा लागतो आणि तारे एका नजरेत मोजता येतात.

प्रवरसत्त्व मनुष्याविषयी थोडेच सांगतो. तो अभिप्राय वाचतो, पण त्यांनी हलत नाही. असा रुग्ण प्रश्नांची यादी घेऊन येतो, तेव्हा पुष्कळ वैद्यांना तो उद्धट वाटतो. वास्तविक सर्वांत सुखाने चिकित्सा करता येते ती याचीच. प्रवरसत्त्व म्हणजे उच्चशिक्षित असे मात्र नव्हे. वर उल्लेखिलेले गृहस्थ पदव्युत्तर पदवीधर होते, आणि मला ठाऊक असलेल्या अत्यंत स्थिर मनाच्या रुग्णांपैकी एक आजी सहीऐवजी अंगठा उठवितात.

प्रकृतीचा प्रश्न येथे कोणी काढील. वातप्रकृती रुग्ण वीस अभिप्राय वाचून विसावे औषध घेतो व तेही पाचव्या दिवशी बदलतो. पित्तप्रकृती आधी प्रतिकूल अभिप्राय शोधून त्यांवर वाद घालतो. कफप्रकृती एकदा धरलेला ब्रँड कोणी काहीही लिहिले तरी सोडत नाही, असे मला अनेकदा दिसले आहे. परंतु हे माझे चिकित्सालयीन निरीक्षण आहे, त्यास सिद्धान्त म्हणू नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. त्रिफळ्याच्या कोष्ठशुद्धीवर आणखी एक प्रबंध लिहिण्यापेक्षा सत्त्व, प्रकृती आणि अभिप्रायांवरील विश्वास यांचा संबंध कोणी शिस्तीने मोजला, तर ते काम अधिक उपयोगी पडेल.

वाचणाऱ्याविषयी एवढे झाले. लिहिणारा कोण असतो? आप्त कोणास म्हणावे हे तिस्रैषणीय अध्यायात स्पष्ट आहे: रज आणि तम यांपासून जो मुक्त आहे, ज्याचे ज्ञान अबाधित आहे. त्रिविधरोगविशेषविज्ञानीय अध्यायात तर कोणाचे वचन प्रमाण धरू नये याची यादीच आहे, आणि तीत मत्त, उन्मत्त व मूर्ख यांच्या जोडीला 'रक्त', म्हणजे आसक्त, पक्षपाती मनुष्यही आहे. अभिप्राय लिहिणारा बहुधा अत्यंत खूष असतो किंवा अत्यंत चिडलेला. हू, पाव्हलू आणि झँग यांनी २००९ साली हेच आकडेवारीने दाखविले. ग्राहकांनी आपणहून दिलेले गुण दोन टोकांना गोळा होतात, बहुतेक पाच तारे, काही एक तारा, मधले फार थोडे. परंतु समोरच्या सर्वांनाच मत विचारले, तर ते मध्याकडे येते. ज्याला बरे वाटले ना वाईट, तो लिहीतच नाही. आणि चिकित्सेत सर्वाधिक रुग्ण याच मधल्या अवस्थेत असतात: सहा आणे गुण, पथ्य अर्धवट, औषध चालू.

औषधांच्या बाबतीत याची थेट तपासणीही झाली आहे. द बारा यांनी २०१७ साली 'सोशल सायन्स अँड मेडिसिन' या नियतकालिकात, कोलेस्टेरॉल व वजन कमी करणाऱ्या काही उत्पादनांचे अभिप्राय त्याच उत्पादनांच्या चिकित्सालयीन चाचण्यांशी ताडून पाहिले. अभिप्रायांत वर्णिलेला गुण चाचण्यांत आढळलेल्या सरासरी गुणापेक्षा पुष्कळ अधिक निघाला. यात कोणी लबाडी केली असे मानण्याचे कारण नाही. ज्याला गुण आला तो लिहितो, ज्याला आला नाही तो डबी फेकून पुढच्या औषधाकडे जातो. खोट्या अभिप्रायांचा बंदोबस्त झाला की प्रश्न मिटला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खऱ्या अभिप्रायांची बेरीजही दिशाभूल करू शकते.

फार्मसीचालकांना तर याचा वेगळाच जाच आहे. महासुदर्शन चूर्ण कडू लागते म्हणून एक तारा. त्यात अर्धा भाग किराततिक्त असता ते गोड कसे लागावे? अरिष्टाच्या बाटलीच्या तळाशी गाळ बसला म्हणून एक तारा. झाकण उघडताना वायू सुटला, आंबूस वास आला, म्हणून 'खराब माल'. थंडीत घृत रवाळ होऊन थिजले म्हणून परतावा. मला भय वाटते ते निराळेच. अशा तक्रारींना कंटाळून उद्या कोणी कडूपणा कमी करील, गाळ नको म्हणून संधानाची रीत बदलील, घृतात दुसरा स्नेह मिसळील, आणि मग तारे वाढतील. ग्राहकाच्या जिभेला रुचेल असे औषध बनविण्याची ही ओढ प्रत्यक्ष बनावटगिरीपेक्षाही शास्त्राचे अधिक नुकसान करील, कारण तिला कोणी गुन्हा म्हणणार नाही.

प्रत्यक्ष बनावटगिरीबद्दल कायदा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत व प्रसिद्ध करावेत याविषयी आयएस १९०००:२०२२ हे मानकही आणले. ते ऐच्छिक स्वरूपात जाहीर झाले. असे असता बाटलीच्या खोक्यात 'पाच तारे द्या, पुढील खरेदीवर सूट मिळवा' अशी चिठ्ठी घालणाऱ्या उत्पादकांची मला कीव येते. अमेरिकेत ॲमेझॉनने मोबदल्याच्या बदल्यात अभिप्राय मिळविण्यास २०१६ सालीच, स्वतःची एक योजना वगळता, बंदी घातली. शास्त्राच्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी एका दुकानदाराच्या मागे राहावे, हे शोभत नाही.

यात खरा धोका कोठे आहे, तो एका औषधाच्या उदाहरणाने सांगतो. त्रिभुवनकीर्ति रस आपल्याकडे सर्दी-तापात सर्रास वापरला जातो. त्यात वत्सनाभ आहे, हिंगुळ आहे. औषधी नियमांच्या अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सावधानतेची सूचना छापणे नियम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. अशी औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून ऑनलाइन घेऊ नयेत, असे आयुष मंत्रालयाने २०१६ साली जाहीर सूचनेद्वारे कळविले. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना, नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी ग्राहकाने सादर केल्यावाचून ती विकू नयेत, असा सल्ला दिला. आता एखाद्या आईच्या दृष्टीने पाहा. मूल तापाने फणफणले आहे, रात्रीचे अकरा वाजले आहेत, आणि 'एका दिवसात ताप गेला' असे कोणी पाच ताऱ्यांसह लिहिले आहे. लेबलवरची सूचना बारीक अक्षरांत, ताऱ्यांचा रंग सोनेरी. लिहिणाऱ्याने ते मोठ्या माणसासाठी घेतले होते की मुलासाठी, मात्रा किती, अनुपान कोणते, यांतले काहीही तेथे नाही. आतुर या शब्दाचा शास्त्रातील अर्थ रुग्ण, आणि मराठीतील अर्थ उतावीळ. त्या आईच्या ठायी दुसरा अर्थ पहिल्याहून अधिक लागू असतो. तिच्या सत्त्वाला त्या क्षणी दोष देणे क्रूरपणाचे होईल. उत्तम सत्त्वाचा मनुष्यही मुलाच्या उशाशी बसला की मध्यम होतो.

औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत ५४ व्याधी आहेत, त्यांत मधुमेह आहे. 'आमच्या औषधाने मधुमेह बरा होतो' असे छापण्यास कायद्याने उत्पादकाला मनाई आहे. तेच वाक्य ग्राहकाच्या नावाने विक्रीच्या पृष्ठावर झळकत राहिले आणि उत्पादक त्याकडे समाधानाने पाहत राहिला, तर शब्दशः कायद्याचा भंग होतो की नाही, याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. वैद्य म्हणून मला त्यात फरक दिसत नाही. असा अभिप्राय काढून टाकावा म्हणून विक्रेत्या कंपनीला स्वतः पत्र लिहिणारा फार्मसीचालक मला भेटला, तर मी त्याचे औषध निःशंकपणे लिहून देईन.

काही वैद्यबंधू यावर म्हणतील की, आपला व्यवसाय शतकानुशतके तोंडी कीर्तीवरच चालला. गावोगावच्या नामांकित वैद्यांना ना जाहिरात होती, ना फलक. मग तारे म्हणजे जुन्या कीर्तीचेच नवे रूप का मानू नये? आक्षेप वजनदार आहे. परंतु जुनी कीर्ती सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या परिचयाचा असे. आत्याबाईंना सगळेच औषध उष्ण पडते, हे घरात सर्वांना ठाऊक असे. म्हणून 'मला ते उष्ण पडले' हे त्यांचे म्हणणे त्या मानाने घेतले जाई. अमका मुळातच घाबरट, तमका औषध आठवडाभरही धड घेत नाही, हेही ठाऊक असे. ऐकणारा मनातल्या मनात सांगणाऱ्याची सत्त्वपरीक्षा करीत असे. ऑनलाइन अभिप्रायात सांगणाऱ्याचा अनुभव तेवढा शिल्लक राहिला आणि त्याची प्रकृती गळून पडली. त्यामुळे वाचणारा ती रिकामी जागा स्वतःच्या स्वभावाने भरतो: भित्रा भीतीने, आशाळभूत आशेने.

म्हणून माझी पहिली सूचना केसपेपरविषयी आहे. पूर्वी कोणती औषधे घेतली हे आपण विचारतो. त्याच्या खाली आणखी एक प्रश्न असावा: या व्याधीविषयी किंवा औषधाविषयी आपण काय वाचले, आणि त्यातले काय खरे वाटले? प्रश्न विचारताना कपाळाला आठी नसावी. उत्तरातून रुग्णाचे सत्त्व अवघ्या दोन मिनिटांत उघड होते. फक्त संख्या सांगणारा, 'चार हजार लोकांनी घेतलंय' म्हणणारा, बाह्य खुणेवर चालतो. त्याला कारणे सांगून उपयोग नाही, बऱ्या झालेल्या रुग्णाशी त्याची प्रत्यक्ष गाठ घालून द्यावी. एकच भयंकर गोष्ट लक्षात ठेवून आलेल्या रुग्णाला औषधाच्या संभाव्य त्रासांची लांबलचक यादी एका दमात ऐकवू नये. काय झाले तर फोन करावा एवढे नेमके सांगावे, आणि आठवड्याने येण्याऐवजी तिसऱ्या दिवशी बोलवावे. लपविणे मात्र नको. पुढे इंटरनेटवर ते वाचले की तो वैद्यावरचा विश्वास गमावून बसेल.

औषधी भांडाराच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला दशविध परीक्षा करता येणार नाही. पण 'याला रेटिंग काय आहे?' असे विचारणाऱ्या ग्राहकाला मोबाईल उघडून तारे दाखविण्यापूर्वी 'कोणासाठी हवे आहे?' एवढे विचारता येते. तेवढ्या प्रश्नानेही पुष्कळ काही टळते.

शेवटची गोष्ट प्रतिकूल अभिप्रायांची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खुड्डाकचतुष्पाद अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यांपैकी ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येणे, अभिप्राय लिहिणाऱ्याजवळ भरपूर असते. तो ते वैद्याला सांगण्याऐवजी अनोळखी लोकांना सांगतो, कारण तेथे त्याला कोणी मध्येच तोडत नाही. अमुक गोळ्या घेतल्यावर डोळे पिवळे झाले, असे कोणी लिहिले, तर ते हजार वाचक वाचतात, शंभर जण घाबरतात, आणि ज्याने त्याची नोंद घ्यायला हवी त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. आयुर्वेदादी औषधांच्या प्रतिकूल परिणामांची नोंद करण्यासाठी २००८ साली जामनगर येथून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. आज आयुष मंत्रालयाच्या योजनेखाली नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्याचा नोंदणी अर्ज एकदा तरी भरला आहे? फार्मसीचालकांनी आपल्या उत्पादनाखालील एका तारेचे अभिप्राय दर महिन्याला वाचावेत, चव आणि खोक्याच्या तक्रारी बाजूला काढाव्यात, आणि शारीरिक त्रासाचे जे उरतील त्यांतील लेखकाशी संपर्क साधून, औषधाचा घाण क्रमांक व मात्रा विचारून, तो अर्ज वैद्याकडून भरून घ्यावा. संघटनेने या अर्जाच्या प्रती पुढील अंकासोबत सर्व सभासदांना पाठवाव्यात, असे मी कार्यकारिणीला वेगळ्या पत्राने कळविले आहे.